१५,००० फेऱ्यांची हार्ड डिस्क घरी का आली नाही?

२००० साली सीगेट कंपनीने ‘चीता एक्स१५’ नावाची हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यातल्या तबकड्या मिनिटाला १५,००० फेरे घेत, म्हणजे सेकंदाला २५०. त्या सुमारास आपल्याकडे घरोघरी जे असेंबल केलेले कम्प्युटर येत होते, त्यांतल्या डिस्क ५४०० नाहीतर ७२०० फेऱ्यांच्या होत्या. पुढच्या वीस वर्षांत घरच्या कम्प्युटरमधलं जवळजवळ सगळं बदललं. मेगाबाइटमध्ये मोजली जाणारी रॅम गिगाबाइटवर गेली, एका कोअरच्या जागी चार-आठ कोअरचे प्रोसेसर आले, अर्ध टेबल अडवणारा मॉनिटर जाऊन सपाट पडदा आला. एके काळी फक्त सर्व्हरमध्ये असणाऱ्या कितीतरी गोष्टी अशा घरी येऊन पोहोचल्या. हार्ड डिस्कचे फेरे मात्र ५४०० आणि ७२०० वरच राहिले. १५,००० ची डिस्क सर्व्हरच्या खोलीतून कधी बाहेर पडलीच नाही.

‘महाग होती म्हणून’ हे याचं नेहमीचं उत्तर. ते चूक नाही, पण त्याने फारसं काही कळत नाही. कम्प्युटरमधली प्रत्येक नवी वस्तू सुरुवातीला महागच असते. मागणी वाढली की दोन-चार वर्षांत ती खाली येते. ही का आली नाही? शिवाय ज्यांना परवडत होती अशा हौशी लोकांनीही ती फारशी घेतली नाही. याचं खरं कारण डिस्कच्या बंद पेटीतल्या हवेत आहे, तबकडीच्या व्यासात आहे आणि घरचा कम्प्युटर दिवसभर नेमकं काय करतो यात आहे.

आधी डिस्कमधला वेळ कुठे जातो ते पाहू. तबकडीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर एकात एक अशी वर्तुळं असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. माहिती या ट्रॅकवर चुंबकीय खुणांच्या रूपात लिहिलेली असते. तबकडीवरून आत-बाहेर सरकणारा एक हात असतो आणि त्याच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं हेड. हवी ती माहिती वाचायची तर हाताने हेडला आधी बरोबर ट्रॅकवर न्यायचं, हा झाला ‘सीक टाइम’. मग त्या ट्रॅकवरचा हवा तो तुकडा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबायचं, ही ‘रोटेशनल लेटन्सी’. तुकडा कधी लगेच येतो, कधी नुकताच पुढे निघून गेलेला असतो आणि पूर्ण फेरा थांबावं लागतं. सरासरी धरली तर अर्धा फेरा. ५४०० च्या डिस्कमध्ये अर्ध्या फेऱ्याला ५.६ मिलिसेकंद लागतात, ७२०० मध्ये ४.२, १०,००० मध्ये ३ आणि १५,००० मध्ये २.

एसटीने जायचं तर घरापासून थांब्यापर्यंत चालावं लागतं आणि मग गाडीची वाट पाहावी लागते. महामंडळाने गाडीच्या फेऱ्या दुप्पट केल्या तर वाट पाहणं निम्मं होईल, पण थांबा जिथे आहे तिथेच राहील. ७२०० च्या घरगुती डिस्कमध्ये हे थांब्यापर्यंतचं चालणं, म्हणजे सीक टाइम, सरासरी साडेआठ मिलिसेकंदांच्या घरात असतं. वाट पाहण्याच्या वेळेच्या ते दुप्पट झालं. आता बाकी काही न बदलता फक्त फेरे दुप्पट केले, तर एकूण वेळ १२.७ मिलिसेकंदांवरून १०.६ वर येतो. मोटरला दुप्पट पळवून हाती लागला तो जेमतेम सहावा हिस्सा.

तरीही चीता प्रत्यक्षात बरीच वेगवान होती. तिचा एकूण वेळ ६ मिलिसेकंदांच्या आसपास होता, कारण तिचा सीक टाइमसुद्धा ४ मिलिसेकंदांच्या आत आणलेला होता. घरची डिस्क सेकंदाला इकडची-तिकडची ८० ठिकाणं वाचू शकत असेल, तर ही १७० च्या आसपास वाचत असे. हा सीक टाइम निम्मा कसा झाला, यात या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमची. १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने ती रॅमॅक या यंत्रासाठी तयार केली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या, वजन एका टनाच्या आसपास आणि साठवण ५० लाख अक्षरांची. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोदेखील त्यात जेमतेम मावला असता. त्या तबकड्या मिनिटाला १२०० फेरे घेत. पुढे सत्तरच्या दशकात ३६०० हा आकडा रूढ झाला. त्या काळच्या मोठ्या डिस्कच्या मोटरी थेट मेन्सच्या विजेवर चालत. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे मिनिटाला ३६०० आवर्तनांची. मोटरी डीसी झाल्या आणि डिस्क घरच्या कम्प्युटरमध्ये बसण्याएवढ्या लहान झाल्या, तरी हा आकडा टिकला. १९८० साली आलेली सीगेटची ५ एमबीची एसटी-५०६ देखील ३६०० चीच होती. नंतरचे आकडे पाहा, ५४०० म्हणजे ३६०० ची दीडपट आणि ७२०० म्हणजे दुप्पट. सीगेटची बॅराकुडा १९९२ मध्ये ७२०० वर गेली, चीता १९९६ मध्ये १०,००० वर आणि २००० मध्ये १५,००० वर.

आकड्यांची ही चढण पाहिली की वाटतं, डिस्क सतत अधिकाधिक जोरात फिरत आल्या आहेत. पण तबकडीच्या कडेचा वेग काढून पाहा. रॅमॅकच्या तबकडीचा परीघ १.९ मीटर आणि सेकंदाला २० फेरे, म्हणजे कड ताशी १३८ किलोमीटर वेगाने पळत होती. आजच्या साडेतीन इंची घरगुती डिस्कमध्ये तबकडीचा व्यास ९५ मिलिमीटर असतो. ७२०० फेऱ्यांना तिच्या कडेचा वेग येतो ताशी १२९ किलोमीटर. साठ वर्षांत फेरे सहापट झाले आणि कडेचा वेग होता तिथेच राहिला, किंबहुना थोडा कमीच झाला! तबकड्या लहान होत गेल्या म्हणून फेरे वाढवता आले. हा हिशेब मला फार बोलका वाटतो. अभियंत्यांना फेऱ्यांची मर्यादा दिसत होती ती आकड्यात नव्हे, कडेच्या वेगात.

कड याहून जोरात पळाली तर बिघडतं काय? पहिली अडचण हवेची. डिस्कची पेटी धुळीपासून बंद असते, पण निर्वात नसते. हेड तबकडीला टेकत नाही. तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगतं, आजच्या डिस्कमध्ये पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर. हवा काढून टाकली तर हेड तरंगणारच नाही. म्हणून हवा हवी, आणि हवा आहे म्हटल्यावर तिचा विरोधही आला. मोटरला हवेशी झगडायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या जवळजवळ तिसऱ्या घाताने वाढते. फेरे दुप्पट केले की ती सातपट होते. ७२०० वरून १५,००० वर गेलं तर जवळपास आठपट.

पण याच सूत्राची दुसरी बाजू अशी की व्यासाचा परिणाम याहून मोठा आहे. हवेचा विरोध व्यासाच्या साडेचार ते पाचव्या घाताने बदलतो. ९५ मिलिमीटरची तबकडी ६५ मिलिमीटरची केली, तर तो सहाव्या हिश्शापर्यंत उतरतो. आठपट वाढलेलं जवळजवळ सगळं परत मिळतं. १५,००० च्या डिस्कमध्ये हेच केलेलं असे.

हे आकड्यांत वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं. जुन्या सर्व्हरमधून भंगारात आलेली अशी एक डिस्क मी उघडून पाहिली आहे. बाहेरून ती नेहमीच्या साडेतीन इंची डिस्कच्याच मापाची, हातात घेतल्यावर मात्र चांगलीच जड. सहा पाकळ्यांचे टॉर्क्स स्क्रू काढून झाकण उचललं की आत आरशासारख्या लखलखीत तबकड्या दिसतात, पण त्या पेटी भरून नसतात. घरच्या डिस्कमध्ये तबकडी भिंतींपर्यंत पोहोचलेली असते. इथे लहानशा तबकड्या मधोमध आणि त्यांच्याभोवती जाडजूड ॲल्युमिनियमचं कडं. हे कडं तबकड्यांच्या इतकं लगत घडवलेलं असतं की हवेला भोवरे करायला जागाच मिळू नये. हात आखूड आणि कणखर, आणि त्याला हलवणारं चुंबक एवढं जोरकस की जवळ नेलेला स्क्रू ड्रायव्हर खेचून घेतला जातो. साडेतीन इंच हे माप फक्त पेटीचं. आतला मामला अडीच इंचांचा.

आता सीक टाइम निम्मा कसा झाला ते कळतं. तबकडी लहान म्हटल्यावर हाताला कमी अंतर कापायचं, हात आखूड म्हणून हलका, चुंबक दांडगं. म्हणजे चीतासारख्या डिस्कचा जो वेग लोक १५,००० या आकड्याच्या नावावर जमा करत, त्यातला बराचसा तबकडी लहान केल्याचा होता. मोठी घरगुती डिस्क घेऊन तिचा फक्त बाहेरचा पट्टा वापरला, तर या फायद्याचा काही भाग फुकटात मिळतो. सर्व्हर सांभाळणारी मंडळी ही युक्ती सर्रास वापरत आणि तिला ‘शॉर्ट स्ट्रोकिंग’ म्हणत.

तबकडी लहान झाल्याची किंमत मोजावी लागे ती साठवणीत. व्यास ९५ चा ६५ झाला की क्षेत्रफळ निम्म्याखाली जातं, आणि मधल्या आसाची जागा काही कमी होत नाही. चीता एक्स१५ होती १८ जीबीची. त्याच वर्षी घरगुती डिस्क ४० जीबीच्या पुढे निघाल्या होत्या. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर उभं राहून कम्प्युटर असेंबल करून घेणारं गिऱ्हाईक विचारायचं ते ‘किती जीबीची?’ एवढंच, आणि त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. गाणी, फोटो, पिक्चर ठेवायला त्याला जागा हवी होती. चौपट-पाचपट पैसे टाकून निम्मी जागा त्याने का घ्यावी?

शिवाय नुसती डिस्क घेऊन भागत नव्हतं. चीतासारख्या डिस्क स्कझी किंवा फायबर चॅनेलवर चालत. घरच्या मदरबोर्डवर त्यांची जोडणी नसे. वेगळं कार्ड, वेगळी केबल, सगळं वेगळं आणि सगळं महाग. त्यात उष्णता. घरगुती डिस्क सहा-आठ वॉटवर भागवते, १५,००० ची साधारण त्याच्या दुप्पट घेई, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडे. सर्व्हरच्या खोलीत एसी असतो आणि रॅकमधून पंख्यांचा वारा वाहत असतो. मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात, टेबलाखाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये यातलं काही नसतं. डिस्कच्या तापमानाची मर्यादा ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान असते, आणि कॅबिनेटमधली हवाच पंचेचाळीसच्या पुढे गेलेली असेल तर शिल्लक किती राहिली?

आवाजाचंही तसंच. २००० च्या सुमाराच्या डिस्क बॉल बेअरिंगवर फिरत आणि १५,००० फेऱ्यांना त्यांचा सूर चांगलाच बोचरा लागे, त्यावर हाताची खडखड वेगळी. सीगेटने २००१ मध्ये बॅराकुडाच्या चौथ्या पिढीत बॉलऐवजी तेलाच्या पातळ थरावर फिरणारं बेअरिंग वापरलं आणि घरगुती डिस्कचा आवाज एकदम खाली आला. झोपायच्या खोलीत कम्प्युटर ठेवणाऱ्या घराला ही शांतता दोन मिलिसेकंदांपेक्षा मोलाची होती.

या सगळ्या अडचणी सोसल्या असत्या, जर बदल्यात घरच्या कामाला खरोखर वेग आला असता. इथे घर आणि सर्व्हर यांतला फरक येतो. बँकेच्या सर्व्हरवर एकाच वेळी शेकडो शाखांमधून व्यवहार येतात. प्रत्येकाचं खातं वेगळ्या जागी, प्रत्येकाला हवा असतो एक लहानसा तुकडा, आणि कुणाच्या मागून कोण येईल याचा नेम नसतो. तिथे डिस्कचा जवळजवळ सगळा वेळ हेड हलवण्यात आणि थांबण्यात जातो. सेकंदाला ८० ऐवजी १७० ठिकाणं वाचणारी डिस्क मिळाली, तर ६०० डिस्कचं काम ३०० डिस्कमध्ये होतं. तिथे चढी किंमत परवडते, कारण रॅक, वीज, जागा आणि माणसं सगळंच निम्म्यावर येतं.

घरी एकच माणूस बसलेला असतो. तो गाणं लावतो. १२८ केबीपीएसच्या एमपी३ ला सेकंदाला १६ किलोबाइट पुरतात. तो पिक्चर लावतो. डीव्हीडीच्या प्रतीच्या चित्राला सेकंदाला सव्वा मेगाबाइट पुरेसं असतं, आणि त्या काळची साधी डिस्कसुद्धा ४० मेगाबाइट देत होती. मोठी फाइल इकडून तिकडे कॉपी करताना हेड एकामागून एक ट्रॅक सलग वाचत जातं; हाताला उड्या माराव्या लागत नाहीत, म्हणून सीक टाइम आणि लेटन्सीचा प्रश्नच फारसा उद्भवत नाही. तिथे महत्त्वाचं असतं ते एका फेऱ्यात किती माहिती हेडखालून जाते हे. ते ठरतं ट्रॅकवर खुणा किती दाट आहेत यावर, आणि दाटी दरवर्षी वाढतच होती. आजची ५४०० ची साधी डिस्क सलग वाचनात २००० सालच्या चीताला सहज मागे टाकते. फेऱ्यांना हातही न लावता हा वेग आपल्या पदरात पडला.

घरचा कम्प्युटर मग रेंगाळायचा कुठे? सुरू होताना, आणि एकाच वेळी चार प्रोग्राम उघडल्यावर. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हा घरोघरच्या मशीनमध्ये १२८ नाहीतर २५६ एमबी रॅम असे. ती भरली की विंडोज डिस्कचाच काही भाग रॅमसारखा वापरू लागे, हेड वेड्यासारखं उड्या मारू लागे आणि कॅबिनेटवरचा लाल दिवा विझेनासा होई. अशा वेळी ‘डिस्क स्लो आहे’ असं वाटणं साहजिक होतं, पण उपाय रॅम वाढवण्याचा होता. रॅममधून वाचायला लागणारा वेळ नॅनोसेकंदांत मोजतात. १२ मिलिसेकंदांचे ६ करण्यापेक्षा डिस्ककडे जावंच लागू नये हे कितीतरी पटींनी चांगलं, आणि स्वस्तही. खुद्द एक्सपीतही यावर तोड होती. सुरू होताना कोणत्या फाइली लागतात यावर ती लक्ष ठेवी आणि त्या डिस्कवर एकमेकींशेजारी आणून ठेवी, म्हणजे हाताच्या उड्या कमी. माझं स्पष्ट मत आहे की घरच्या गिऱ्हाइकाने फेऱ्यांकडे पाठ फिरवली यात त्याचं अज्ञान नव्हतं. पैसा जिथे लावायला हवा होता तिथेच त्याने लावला.

तरी एका कंपनीने वेगवान डिस्क घरी नेण्याचा मनापासून प्रयत्न केला. वेस्टर्न डिजिटलने २००३ मध्ये ‘रॅप्टर’ आणली. १०,००० फेरे, पण जोडणी साध्या साटाची, त्यामुळे वेगळं कार्ड नको. साठवण होती जेमतेम ३६ जीबी, आणि त्याच सुमाराला ७२०० च्या डिस्क २०० जीबीच्या पुढे गेल्या होत्या. गेम खेळणाऱ्या आणि कम्प्युटर स्वतः जुळवणाऱ्या हौशी मंडळींत तिचं मोठं नाव झालं. अनेक जण तिच्यावर फक्त विंडोज आणि गेम ठेवत आणि बाकी पसारा दुसऱ्या मोठ्या डिस्कवर. २००६ मध्ये तिचा ‘रॅप्टर एक्स’ हा अवतार आला. त्याच्या झाकणाला पारदर्शक खिडकी होती. कॅबिनेटमध्ये दिवा लावला की आत नाचणारा हात आणि फिरणाऱ्या तबकड्या दिसत. हार्ड डिस्क ही सदैव बंद राहणारी वस्तू. तिला खिडकी करणं म्हणजे धुळीचा एकही कण आत न जाऊ देता झाकणाला भोक पाडणं. या यंत्रावर प्रेम असल्याशिवाय असलं काही सुचत नाही.

एप्रिल २००८ मध्ये तिची पुढची पिढी आली, ‘व्हेलोसीरॅप्टर’. ३०० जीबी, १०,००० फेरे. आतली डिस्क मुळात अडीच इंची, आणि ती बसवलेली उष्णता शोषणाऱ्या साडेतीन इंची ॲल्युमिनियमच्या चौकटीत. घरगुती वापरासाठी याहून चांगली फिरती डिस्क तोवर झाली नव्हती. आणि पाचच महिन्यांत, सप्टेंबर २००८ मध्ये, इंटेलने एक्स२५-एम ही ८० जीबीची एसएसडी आणली. तिच्यात फिरणारं काहीच नव्हतं, माहिती साठवायला होती ती फ्लॅश मेमरी.

फ्लॅश मेमरीची कल्पना तेव्हा जुनी झाली होती. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ती मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार, जो आज पेनड्राइव्हपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे आहे. मायक्रोसॉफ्टमधले डेटाबेसचे जाणकार जिम ग्रे यांनी २००६ मध्येच मांडलं होतं की डिस्कची जागा फ्लॅश घेईल आणि डिस्क बॅकअपच्या टेपच्या जागी जाऊन बसेल. इंटेलच्या एसएसडीला हवा तो तुकडा शोधायला ८५ मायक्रोसेकंद लागत, म्हणजे मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. चीताची सारी धडपड १२ मिलिसेकंदांचे ६ करण्याची; इथे ते एका उडीत ०.१ च्या आत.

फिरत्या डिस्कने ही बरोबरी करायची ठरवली असती तर? सीक टाइम शून्य धरू, म्हणजे हात जागच्या जागी आहे असंच समजू. नुसता अर्धा फेरा ०.१ मिलिसेकंदात व्हायचा तर पूर्ण फेरा ०.२ मध्ये, सेकंदाला ५००० फेरे, मिनिटाला ३ लाख. ६५ मिलिमीटरच्या लहान तबकडीच्या कडेचा वेग येतो सेकंदाला १,०२० मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. म्हणजे कड आवाजाच्या तिप्पट वेगाने पळणार. हवेचं काय होईल हा प्रश्न पुढचा, त्याआधी ॲल्युमिनियमची तबकडीच स्वतःच्या फिरण्याच्या ताणाने फुटेल. एवढा ताण सोसणारं ॲल्युमिनियम नाही. ३६०० पासून १५,००० पर्यंतचा प्रवास कितीही कौशल्याचा असला, तरी त्या वाटेने इथवर पोहोचणं पदार्थविज्ञानाला मंजूरच नव्हतं.

त्यामुळे १५,००० ची गरज ज्यांना होती ते सर्व्हरवालेच आधी एसएसडीकडे गेले. जिथे डिस्कचा कळप लागत होता तिथे दोन-चार एसएसडी पुरू लागल्या. पुढच्या दशकभरात कंपन्यांनी १५,००० चं नवं काम थांबवलं. घरच्या बाजूला तर उलटंच चाललं होतं. वेस्टर्न डिजिटलने २००७ पासून ‘ग्रीन’ नावाच्या कमी फेऱ्यांच्या, कमी वीज खाणाऱ्या डिस्क विकायला घेतल्या, आणि लोकांनी त्या आनंदाने घेतल्या. आज घरात जिथे हार्ड डिस्क उरली आहे, म्हणजे बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कमध्ये किंवा सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये, तिथे ५४०० च्या आसपासचे फेरे अगदी योग्य आहेत. चार कॅमेऱ्यांचं चित्र रात्रंदिवस सलग लिहीत राहायचं, गरम व्हायचं नाही, आवाज करायचा नाही; या कामाला १५,००० ची डिस्क लावणं ही चूक ठरेल. आणि कुणाकडे ७२०० च्या डिस्कवर कण्हणारा जुना कम्प्युटर असेल, तर त्यात साधी साटा एसएसडी बसवून पाहावी. जुन्या मशीनचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक इलाज आहे, हे मी कुणालाही बेधडक सांगतो.

फेऱ्यांना पुन्हा संधी मिळू शकली असती असा एक क्षण २०१३ मध्ये आला. एचजीएसटी कंपनीने हवेऐवजी हेलियम भरलेली ६ टीबीची डिस्क आणली. हेलियमची घनता हवेच्या सातव्या हिश्शाएवढी. विरोध कमी, उष्णता कमी, तबकड्यांची थरथर कमी. या वाचलेल्या शक्तीतून अभियंत्यांना फेरे वाढवता आले असते. त्यांनी फेरे ७२०० च ठेवले आणि तबकड्या पातळ करून पाचाच्या जागी सात बसवल्या. आज एकाच पेटीत दहा तबकड्या आणि ३० टीबीची साठवण मिळते, फेरे तेच. हार्ड डिस्क आता साठवणीचं काम करते. तिथे जीबीमागची किंमत सगळं ठरवते, आणि तबकडी वाढवली की ती किंमत उतरते.

मात्र त्यातून डेटा सेंटरसमोर एक नवाच पेच उभा राहिला आहे. १ टीबीची डिस्क सेकंदाला ८० ठिकाणं वाचत होती. ३० टीबीचीही साधारण तेवढीच वाचते. म्हणजे एका टीबीच्या वाट्याला सेकंदाला तीनसुद्धा वाचनं येत नाहीत. साठवण जितकी वाढेल तितकी ही ओढाताण वाढत जाणार. सीगेटने त्यावर काढलेला तोडगा असा की एकाच पेटीत एकावर एक दोन स्वतंत्र हात बसवायचे, वरच्याने वरच्या तबकड्या सांभाळायच्या आणि खालच्याने खालच्या, दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी वाचायचं. अशा डिस्क डेटा सेंटरमध्ये कामाला लागल्या आहेत. वाचनं जवळपास दुप्पट होतात, आणि आसाचे फेरे त्यांच्यातही मिनिटाला ७२०० च आहेत.